सेन्सर एक सांगतो, बोट दुसरेच

दंडावरचा सेन्सर मोबाइलच्या पडद्यावर ९० हा आकडा दाखवतो आणि त्याच मिनिटाला बोट टोचून केलेली चाचणी ७० सांगते. पहिला आकडा निर्धास्त करणारा, दुसरा धोक्याच्या उंबरठ्यावरचा. यंत्र बिघडले, असे म्हणून अनेक मधुमेही मोकळे होतात. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही यंत्रे खरेच सांगत असतात. फक्त ती एकाच गोष्टीचे मोजमाप करीत नाहीत.

ग्लुकोमीटर बोटाच्या केशवाहिन्यांतील रक्त तपासतो. सेन्सरचा बारीक तंतू मात्र रक्तवाहिनीत नव्हे, तर त्वचेखाली पेशींभोवतीच्या द्रवात असतो. शर्करा आधी रक्तात वाढते वा घटते, नंतर या द्रवात. त्यामुळे सेन्सर साधारण ५ ते १५ मिनिटे मागे राहतो. शर्करा स्थिर असताना हे जाणवत नाही. जेवणानंतर, व्यायामात किंवा इन्सुलिनचा अंमल जोरात असताना ते उघडे पडते. शर्करा मिनिटाला २ मिलिग्रॅमने उतरत असेल आणि सेन्सर १० मिनिटे मागे असेल, तर २० मिलिग्रॅमचा फरक पडणारच. ९० आणि ७० यांचे कोडे एवढेच.

हा उशीर सर्वाधिक महागात पडतो तो शर्करा ७० च्या खाली गेल्यावर. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा संकेत आहे. रक्तातली शर्करा तोवर वर येऊ लागलेली असते. सेन्सर मात्र अजून खालचाच आकडा दाखवतो. घाबरलेला रुग्ण आणखी साखर खातो, मग वर एखादा लाडूही, आणि तासाभराने आकडा अडीचशेच्या घरात. येथे फेरतपासणी बोटाचीच हवी.

सेन्सरच्या आणखीही काही खोडी आहेत. बसवल्यानंतरचा पहिला दिवस तो कमी भरवशाचा असतो. त्याच दंडावर कूस करून झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो आणि मध्यरात्री गजर वाजतो. काही सेन्सरांमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकडा फुगतो.

तथापि, बोटाची चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शर्करा १०० किंवा अधिक असताना ग्लुकोमीटरची १०० पैकी ९५ मोजमापे प्रयोगशाळेतील आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली, तरी चालतात. म्हणजे खरी शर्करा २०० असताना १७५ आणि २२५ ही दोन्ही उत्तरे ‘उत्तीर्ण’! आंबा सोलल्यावर हात न धुता बोट टोचले, तर रक्ताबरोबर आंब्याचीही साखर मोजली जाते. रक्तक्षय असलेल्यांत अनेक ग्लुकोमीटर प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवतात, ही आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगी बाब. डबीचे झाकण उघडे राहून दमट हवेत पट्ट्या खराब होतात, ते वेगळेच.

घाम, थरथर, धडधड होत असूनही सेन्सर ‘सर्व ठीक’ म्हणत असेल, तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून बोट टोचावे. बाण वेगाने खाली किंवा वर जात असताना इन्सुलिनची मात्रा ठरवायची झाली, तरी हेच. दोन यंत्रांची तुलना मात्र बाण आडवा असतानाच करावी. तेव्हाही २० टक्क्यांहून अधिक तफावत वारंवार येत असेल, तर तो सेन्सर बदलून घेण्याविषयी कंपनीकडे विचारणा करावी आणि तोवर इन्सुलिनची मात्रा बोटाच्या आकड्यावरून ठरवावी.