‘बाबाला दे’ : बालभाषेतील रूपिमांचा हिशेब

दोन-तीन वर्षांच्या मुलाची भाषा कितपत वाढली आहे हे ठरवण्यासाठी वाचोपचारक आणि भाषावैज्ञानिक ज्या मापाचा आधार घेतात, ते म्हणजे उक्तीची सरासरी लांबी. उक्ती म्हणजे एका सुरावटीत बोलला गेलेला आणि विरामाने पुढच्यापासून वेगळा झालेला बोलण्याचा तुकडा, मग ते पूर्ण वाक्य असो वा नुसते ‘नको’. आणि रूपिम म्हणजे अर्थ किंवा व्याकरणिक कार्य असलेला भाषेचा लहानात लहान घटक, जसे ‘बाबाला’ या एका शब्दात ‘बाबा’ आणि ‘ला’ हे दोन. शंभर उक्तींमधील रूपिमांची बेरीज करून तिला शंभराने भागले की सरासरी मिळते. हार्वर्डचे रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजीभाषी मुलांच्या बोलण्यावरून या मोजणीचे नियम बसवले आणि 1973 साली ग्रंथरूपाने मांडले. भागाकार सोपा आहे. शिकावे लागते ते भागाकाराच्या आधीचे सारे.

भिलाईसारख्या बहुभाषिक पोलादनगरीत हे शिकणे विशेष कठीण आणि म्हणूनच विशेष मोलाचे ठरते. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या वसाहतीत देशभरातून माणसे आली, त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. अशा घरातल्या मुलाच्या कानावर आजीची वऱ्हाडी किंवा नागपुरी, आईवडिलांची मराठी, मैदानावरची हिंदी आणि दुर्ग परिसराची छत्तीसगढी एकाच दिवसात पडते.

काम सुरू होते ध्वनिमुद्रणापासून. उन्हाळ्यात खोलीतला कूलर चालू असेल, तर ‘सांडलं’मधला शेवटचा स्वर घरघरीत बुडतो आणि मुलाने कोणते लिंग वापरले हे नंतर कितीही ऐकले तरी उमगत नाही, त्यामुळे कूलर बंद करून, उकाडा सोसून, मुलाला खेळण्यांशी रमू द्यावे लागते. मोठ्यांनी ‘हे काय? ते काय?’ असा सपाटा लावला की उत्तरे एकेका शब्दाची येतात आणि सरासरी विनाकारण घसरते. मग उतारा लिहायचा: न कळलेली उक्ती मोजणीतून वगळायची, पाठ केलेले बडबडगीत वगळायचे, ‘अं’, ‘ऊं’ असे हुंकार सोडायचे, पण ‘हो’ आणि ‘नाही’ धरायचे. अडखळून दोनदा आलेला शब्द एकदाच मोजायचा, मात्र मुलाने ठासून ‘नको नको नको’ म्हटले, तर ते तीन. ‘भूभू’ हा द्विरुक्त दिसला तरी मुलाच्या लेखी एकच शब्द, म्हणून एकच रूपिम.

खरी कसोटी क्रियापदांपाशी लागते. उदाहरणादाखल चार उक्ती घ्याव्यात: ‘दूध सांडलं’, ‘नको’, ‘बाबाला दे’, ‘भूभू आला’. नुसते शब्द मोजले तर सात, म्हणजे सरासरी 1.75. भूतकाळ आणि लिंगवचन दाखवणारा शेवट मिळून एक रूपिम मानला आणि अनियमित ‘आला’ ब्राउन यांच्या नियमाप्रमाणे अखंड धरला, तर नऊ, म्हणजे 2.25. ‘ल’ वेगळा, लिंगवचनाचा प्रत्यय वेगळा असे काटेकोर तोडले, तर बारा, म्हणजे 3. ब्राउन यांच्या पाच टप्प्यांत यांतले पहिले दोन आकडे अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात मोडतात, तर शेवटचा तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या सीमेवर येतो; मूल तेच, बोलणे तेच, मोजणाऱ्याने केलेली तोड वेगळी. भाषेची वाढ मागे पडली आहे का, या आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अशा तोडीवर अवलंबून असेल, तर ती सैलपणे करणे अक्षम्य आहे.

येथे उपयोगी पडते ती व्यतिरेकाची कसोटी: प्रत्यय मुलाने खरोखर सुटा केला आहे का? त्याच उताऱ्यात ‘आला’बरोबर ‘आली’ही योग्य जागी येत असेल, तर लिंगाचा प्रत्यय त्याच्या पदरात टाकावा, सगळ्यांनाच ‘आला’ म्हणत असेल, तर ते रूप अखंड समजावे. ‘मला’चेही तसेच. ‘मी’ आणि ‘तुला’ दिसेपर्यंत तो एकच रूपिम. भिलाईत या ‘ला’ला आणखी एक पदर आहे, कारण छत्तीसगढीतही ‘ला’ हा कर्म दाखवतो आणि तेथे ‘मला’ऐवजी ‘मोला’ म्हणतात. ‘बाबाला’मधला ‘ला’ आजीकडून आला की छत्तीसगढी बोलणाऱ्या शेजारणीकडून, हे सांगता येणार नाही. मोजणीला त्याने फरक पडत नाही, प्रत्यय सुटा झाला एवढे पुरते. हिंदीतला ‘को’ मात्र बहुधा सुटा लिहितात, त्यामुळे शब्द मोजणाऱ्याला ‘पापा को दो’ हे ‘बाबाला दे’पेक्षा लांब वाटते, रूपिम दोन्हीकडे तीनच.

विदर्भाच्या वळणाचे ‘बाबा येऊन राहिले’ हे वाक्य वरच्या मधल्या नियमाने पाच रूपिमांचे होते आणि ‘बाबा येत आहेत’ हे, ‘आहेत’ अखंड धरल्यास, चारांचे, जरी ही वाक्ये बोलणारी दोन मुले एकच गोष्ट सारख्याच सहजतेने सांगत असली तरी. म्हणून भिलाईतल्या मुलाचा आकडा पुण्यातल्या मुलाच्या आकड्याशेजारी ठेवण्यापेक्षा, तोडीचे नियम आधी लिहून ठेवून, काही महिन्यांनी त्याच मुलाच्या नव्या शंभर उक्ती त्याच नियमांनी मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते.