जुन्या जीपच्या कार्ब्युरेटरमधील अडकलेले भाग सोडविण्याची रीत

ता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि विकास गटांच्या कामाबरोबर जीपगाडी खेडोपाडी पोहोचली. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या जुन्या जीपगाड्यांपैकी काही पुढे लिलावाने शेतकऱ्यांच्या हाती आल्या, आणि गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असलेली अशी गाडी आजही एखाद्या गावी दृष्टीस पडते. ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची झाल्यास पहिला अडथळा बहुधा कार्ब्युरेटरचा येतो. पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण करून इंजिनास पुरविणारे हे उपकरण वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यातील जेट, पेच, झडपा व दांडे जागच्या जागी घट्ट बसतात. ते बळाने सोडविण्याचा मोह होतो. परंतु हे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच पाना हाती घ्यावा.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. पुरंदर तालुक्यातील एका बागायतदारांच्या जीपचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पितळी पोकळ डबा, अडकला होता. तो ज्या बारीक खिळीवर हलतो ती खिळी मी खालून आधार न देता ठोकली आणि खिळी धरणारा ओतीव खांबच मोडला. सीताफळाचा हंगाम ऐन भरात होता. दुसरा जुना कार्ब्युरेटर मिळेपर्यंत तीन आठवडे त्यांना भाड्याच्या टेंपोने माल सासवडला न्यावा लागला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती गोष्ट अधिक लागली.

भाग कशामुळे अडकला आहे हे प्रथम ओळखावे. उपाय त्यावरूनच ठरतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे तपकिरी, लाखेसारखा चिकट थर राहतो. हा डिंक योग्य द्रवात विरघळतो. पांढरी भुकटी दिसत असेल तर ते धातूचे क्षरण होय. कार्ब्युरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची आणि जेट पितळेचे असते; दोन भिन्न धातू एकत्र असून त्यांत ओलावा शिरला की जस्त झिजते व आट्यांत भुकटी दाटते. तिसरा प्रकार थ्रॉटलच्या पोलादी दांड्यावरील तांबूस गंजाचा. डिंकावर चालणारा द्रव गंजावर किंवा पांढऱ्या भुकटीवर फारसा चालत नाही, आणि येथेच पुष्कळांचे श्रम वाया जातात.

ओलाव्याविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्के झाले. त्यातील काही आपल्याच उसापासून बनते, ही समाधानाची बाब; तथापि इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि मुख्य जेटही तळाजवळच असतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत क्षरण अधिक आढळते ते यामुळे.

काम उघड्यावर, चूल व विडीपासून दूर करावे. बॅटरीची तार सोडावी, पेट्रोल काढून टाकावे आणि कार्ब्युरेटर इंजिनावरून उतरवूनच घ्यावा. उघडण्यापूर्वी बाहेरची माती घासून काढावी व मोबाईलवर चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. इंजिनाची संथ चाल ठरविणारा टोकदार पेच काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून बैठकीपर्यंत न्यावा, किती फेरे लागले ते लिहून ठेवावे आणि मग बाहेर काढावा. जोडताना हाच आकडा उपयोगी पडतो.

डिंकाने चिकटलेली सुईची झडप पकडीने ओढू नये. तिचे टोक ओरखडले तर बैठक धरत नाही व पेट्रोल वाहत राहते. रबरी व चामडी भाग अगोदर काढून बाकीचा कार्ब्युरेटर थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी झडप बहुधा बोटानेच निघते.

क्षरणाने धरलेल्या जेटास मात्र उष्णता हवी. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात, त्यामागील तत्त्वच येथे लागू पडते. जस्ताची मिश्रधातू पितळेहून अधिक प्रसरण पावते. म्हणून बॉडी तापली की जेटाभोवतीची पकड सैल होते. परंतु ही धातू साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तेव्हा ज्योत तिच्याजवळ आणू नये. पेट्रोल व थिनरचा लवलेश राहणार नाही अशी बॉडी धुऊन वाळवावी, घमेल्यात ठेवावी आणि वरून उकळते पाणी ओतावे. कोरडी करून आट्यांवर गंज सोडविणारे तेल सोडावे व एक दिवस थांबावे. आवश्यक तर हे दोन-तीनदा करावे. पेचकसाचे पाते जेटाच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसेल असे घासून घ्यावे. प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे मागे-पुढे करीत जेट हलवावा. खाच एकदा झिजली की काम दसपट कठीण होते.

त्याच गरम पाण्यात सुटा फ्लोट बुडवून पाहावा. बुडबुडे निघाले तर त्याला भोक आहे. आत पेट्रोल शिरलेले असेल तर ते पूर्ण निघून गेल्याशिवाय डाग देण्यास तापवू नये; स्फोटाचे भय असते.

घरोघरी पितळ चिंचेने उजळतात, म्हणून कार्ब्युरेटरही चिंचेच्या वा लिंबाच्या पाण्यात ठेवण्याची सूचना ऐकू येते. ती मानू नये. पितळ चकाकते खरे, पण आम्लाने जस्ताची बॉडी खाल्ली जाते. कॉस्टिक सोड्याचेही तेच.

थ्रॉटलची चकती दांड्यावर दोन छोट्या पेचांनी बसविलेली असते. या पेचांची टोके बहुधा ठोकून पसरविलेली असतात. बळाने फिरविल्यास डोके तुटते, आणि सैल राहिल्यास पेच थेट इंजिनात जातो. दांडा तेल मुरल्यावर मोकळा फिरू लागला, तर ते मुळीच काढू नयेत असे माझे मत आहे.

जेटाचे छिद्र तारेने वा सुईने कोरू नये. हवेच्या झोताने साफ करावे. १.२० मिलिमीटरचे छिद्र १.३२ झाले, तर डोळ्यांस फरक दिसत नाही, पण छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि गाडी काळा धूर टाकू लागते.

जोडताना पॅकिंग नवे घालावे व पितळी भाग बेताने आवळावेत. पेट्रोल सोडल्यावर दहा मिनिटे गळती पाहून मगच स्टार्टर मारावा. पुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, आणि तळाशी राहिलेले पेट्रोल काढून टाकावे.