बर्फावरचं बिऱ्हाड

भिगवणला उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. माझं आजोळही याच पाण्यात गेलं. नानांनी निघताना दाराची चौकट तेवढी काढून आणली होती. बर्फात बुडालेल्या एका घराविषयी वाचलं, तेव्हा मला ती चौकट आठवली.

१९८३-८४ मध्ये तिसऱ्या भारतीय मोहिमेने अंटार्क्टिकावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं केंद्र उभारलं. नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत या मोहिमेत होत्या. केंद्राखाली जमीन नव्हती. किनाऱ्याला चिकटलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर होता, आणि असा थर हळूहळू समुद्राकडे सरकत असतो. १९८४ चा हिवाळा बारा जणांनी तिथे काढला. सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, तरी हवामानाच्या नोंदी चुकवायच्या नाहीत.

तिथे पडलेलं हिम सहसा वितळत नाही, वाऱ्याने साचत जातं. भिंती बुडाल्या, मग छत. १९९० मध्ये केंद्र सोडावं लागलं. त्याआधीच ‘मैत्री’ उभं राहिलं होतं, तेही खडकावर.

घर बर्फाने गिळलं, नोंदी मात्र राहिल्या. नानांची चौकट आजही आमच्या दाराला आहे.