चौरस आहार : पाटीवरची तीन घरे

"पोरगी काही खाईनाच बघा, डॉक्टरसाहेब. नुसतं दूध आणि बिस्किट. पाटीची पेन्सिल मात्र रोज एक फस्त करते."

चार वर्षांच्या नातीला घेऊन आलेल्या आजींची ही तक्रार. आमच्या सोलापूर भागात गेली पंचवीस वर्षे मी बालरुग्ण तपासतो आहे, आणि ही तक्रार मला नवी नाही. मुलगी दिसायला गुटगुटीत होती, पण गाल पांढरेफटक. खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नाही. रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम. या वयात ते निदान ११ असायला हवे. चौकशीत कळले, की दिवसाला लिटरभर दूध, तेही बाटलीने, आणि मधूनमधून चहा-बिस्किट. ताटावर बसणे असे नाहीच.

दूध हे पूर्णान्न, अशी आपली पक्की समजूत आहे. दुधात प्रथिने आणि चुना भरपूर असतो हे खरे, पण लोह जवळजवळ नसते. शिवाय लिटरभर दुधाने एवढेसे पोट भरून जाते, मग भाकरी-भाजीला जागा कुठली? लोहाची कमतरता असलेली मुले माती, भिंतीचे पोपडे, पेन्सिल असले काहीबाही खातात, हेही अनेकदा दिसते. त्यासाठी त्यांना मारून उपयोग नसतो.

मी जंतांचे औषध आणि लोहाचे पातळ औषध लिहून दिले. प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार यांवर आजींना दहा मिनिटे ऐकवले. आजींनी मान डोलावली. महिन्याने त्या परत आल्या तेव्हा हिमोग्लोबिन जिथल्या तिथे! औषध चार दिवसांतच बंद केले होते, कारण मुलीला काळी शी झाली आणि घरचे घाबरले. लोहाच्या औषधाने शी काळी होते, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे मी सांगायलाच विसरलो होतो. आणि खाण्याचे? "तुम्ही सांगितलेलं मला कळलं हो, पण हिला कोण सांगणार?" आजी म्हणाल्या. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते एका अंगणवाडीत. सप्टेंबरात पोषण माह असतो. त्यानिमित्त 'मुलांना आहाराविषयी दोन शब्द सांगा' असे निमंत्रण आले. मी अन्नघटकांचा रंगीत तक्ता घेऊन गेलो. "बाळांनो, प्रथिने म्हणजे काय..." असे सुरू करतो न करतो तोच पुढच्या रांगेतला एक जण उठला. "काका, सुई टोचणार का?" झाले! निम्मा वर्ग रडकुंडीला आला. माझे दोन शब्द तिथेच संपले.

ताई पुढे आल्या. त्यांनी खडूने फरशीवर तीन घरे काढली. पहिले पळणाऱ्यांचे, दुसरे वाढणाऱ्यांचे, तिसरे राखणदारांचे. मग सुपात रोजच्याच वस्तू आणल्या. ज्वारी, तांदूळ, गूळ, तुरीची डाळ, मटकी, अंडे, शेंगदाणे, मेथीची जुडी, गाजर, पेरू, लिंबू. एकेका मुलाने एक वस्तू उचलायची, हुंगायची, नाव सांगायचे आणि तिच्या घरी नेऊन सोडायचे. पळायला बळ देतात ते ज्वारी, तांदूळ, गूळ आणि तेल. उंची वाढवतात ते डाळ, मटकी, दूध, अंडे, मासे. आणि आजार दाराबाहेर ठेवतात ते भाज्या आणि फळे.

एका मुलाने शेंगदाणे पळणाऱ्यांच्या घरात ठेवले. "नाही, वाढणाऱ्यांच्या!" दुसरी ओरडली. ताई म्हणाल्या, "दोघांचंही बरोबर. त्यात तेलही आहे आणि वाढवणारंही आहे. शेंगदाण्याला दोन घरं." मला चौथ्या वर्षी कोणी हे असे शिकवले नव्हते. शेवटी एकाने खिशातला बिस्किटाचा पुडा काढला. याचे घर कोणते? ताईंनी तो पळणाऱ्यांच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवला. "हा पाहुणा. कधीतरी यायचं. रोज राहायला आला, तर घरच्यांना जेवायला जागा उरत नाही."

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या वस्तूच त्यांनी शिकवण्याची साधने केली होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पोहोचल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसभराचे अन्न निदान आठ गटांतून यावे आणि ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा, असे म्हटले आहे. मोठ्यांनी आठ गट लक्षात ठेवावेत. चार वर्षांच्या मुलाला तीन घरे पुरतात.

पुढच्या खेपेला ती मुलगी आली तेव्हा मी आजींशी बोलायच्या आधी तिच्याशी बोललो. तिच्याच पाटीवर तीन घरे काढली आणि विचारले, "काल तुझ्याकडे कोण कोण जेवायला आलं होतं?" तिने दुसऱ्या घरात दूध सांगितले, पहिल्यात बिस्किट. तिसऱ्या घराकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "इथं कुणीच नाही." आजींच्या डोळ्यांत पाणी आले. ती पाटी घरी गेली. रोज रात्री तिने स्वतः घरे भरायची, रिकामे राहिलेले घर दुसऱ्या दिवशी आधी भरायचे, एवढेच ठरले. बाटली बंद झाली, दूध दोन कपांवर आले. औषध या वेळी नीट समजावून दिले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पावणेअकरा झाले, आणि पेन्सिल खाणे थांबले. हे श्रेय एकट्या खेळाचे नाही, औषधाचेही आहे. रक्त भरून आल्यावरही ते आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावे लागते. पण औषध संपल्यावर तिला जपणार आहे ती ही सवयच.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. अशा मुलाचे खेळात मन लागत नाही, ते लवकर दमते, शिकण्यातही मागे पडते. आपण मात्र 'आळशी आहे' म्हणून मोकळे होतो.

मातांनो, आज्यांनो, आता घरी करायच्या गोष्टी सांगतो. बाजारातून काही आणायला नको. अर्धी भाकरी वरणात कुस्करा, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, शेजारी मेथी, शेपू किंवा राजगिऱ्याची थोडी भाजी, वर लिंबू पिळा. तिन्ही घरे भरली. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वाने भाजी-डाळीतले लोह अंगी लागते, आणि जेवणाबरोबरच्या चहाने ते अडते. लहान मुलांना चहा नकोच. खिचडीत तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ धरा. धान्याच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. मुलाचे पोट लहान, म्हणून तीन जेवणे आणि मधे दोन वेळा खाऊ द्या. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

नवी भाजी मुलाने थुंकली तर रागावू नका. चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळाही लागतात. घासभरच वाढा, चार दिवसांनी पुन्हा वाढा. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन' असे मात्र म्हणू नका. त्यातून मूल एवढेच शिकते, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

आणि वडिलांना एक विनंती. ताटातली भाजी बाजूला सारून तुम्ही उठलात, तर मूल पाटीकडे बघणार नाही, तुमच्या ताटाकडे बघेल. आज रात्री मुलाबरोबर जेवायला बसा, आणि तुमच्या ताटात कोणते घर रिकामे आहे हे त्यालाच विचारा.