नव्या लॅपटॉपमधली बेणणी



दिवाळीत आमच्या घरी लॅपटॉप आला. दादा तारापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने बोनसचे पैसे घालून, बाकीचे हप्त्याने, बोईसरहून तो आणला. महिना झाला आणि रोज लाल पाटी येऊ लागली. इंग्रजीत लिहिलेलं, ‘तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित नाही, पैसे भरा.’ आई घाबरली. "नव्या वस्तूला रोग लागला की काय गं?" दादा रात्रपाळीला गेलेला. आई हजार-बाराशे रुपये भरायलाच निघाली होती. मी म्हटलं, "थांब, उद्या गुरुजींना विचारते."

गुरुजी म्हणाले, "रोग नाही, तण आहे तो!"

आता तुम्ही विचाराल, नव्या लॅपटॉपमध्ये तण कुठून आलं? तर ऐका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला दुसऱ्या कंपन्या पैसे देतात आणि आपले खेळ, जाहिराती, थोड्या दिवसांपुरते फुकटचे अँटिव्हायरस त्यात आधीच घालायला लावतात. मुदत संपली की पैसे मागतात. आपण न मागितलेल्या या गोष्टी जागा अडवतात आणि कॉम्प्युटर मंद करतात.

फोनमध्येही हेच चालतं. काढता न येणारी ॲप फोनमध्ये आधीच घालायला लावणे, या व आणखी काही कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगल कंपनीला १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला होता.

आता काढायचं कसं? आमच्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ आहे. त्यात असं करा:

१) स्टार्ट, मग सेटिंग्ज, मग ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स उघडा.
२) सगळी नावं वहीत उतरवून घ्या. नको त्यांच्यापुढे फुली मारा. मोठ्या माणसाला दाखवा.
३) नावाशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि ‘अनइन्स्टॉल’ निवडा.
४) शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा.

अँटिव्हायरस काढला तर चोर शिरेल का? मलाही तीच भीती होती. पण विंडोजचा स्वतःचा राखणदार असतो, त्याचे नाव विंडोज सिक्युरिटी. दुसरा गेला की तो आपोआप कामाला लागतो. तरी तो चालू झाला का, हे उघडून बघावे.

माझी एक चूकही सांगते. भराभर काढण्याच्या नादात मी ‘ऑडिओ ड्रायव्हर’ नावाचं काहीतरी काढलं आणि लॅपटॉपचा आवाजच गेला! मी रडकुंडीला आले. दादाचे हप्ते अजून फिटायचे होते ना! गुरुजींनी विंडोज अपडेट चालवलं, तेव्हा आवाज परत आला. ते म्हणाले, "अगं, शेतात बेणणी करताना भाताचं रोप उपटतेस का? आधी ओळखायचं, मग उपटायचं." म्हणून ज्या नावात ड्रायव्हर असेल किंवा जे नाव ओळखीचं नसेल, त्याला हात लावू नका.

आता लाल पाटी येत नाही. आईचे पैसे वाचले. त्यातून मला स्वाध्यायाच्या वह्या आल्या.

तुमच्या घरी अशी पाटी आली तर घाबरू नका, पैसे भरू नका. आधी विचारा. मी वही घेऊन येईन.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी