कालव्यातला कर्नल, काँक्रीटमधली जर्सी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये यांकीज या बेसबॉल संघाचं नवंकोरं स्टेडियम बांधलं जात होतं, तेव्हाची गोष्ट. तिथला एक बांधकाम कामगार रेड सॉक्सचा, म्हणजे बॉस्टनच्या संघाचा कट्टर चाहता निघाला. गड्यानं रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझची जर्सी गुपचूप ओल्या काँक्रीटमध्ये गाडली. सरळ करणीच! 2008 साली बातमी फुटली. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं, पण यांकीजनं पाच तास काँक्रीट फोडून ती जर्सी उपसली. पुढे तिचा लिलाव झाला आणि 1,75,100 डॉलर बॉस्टनच्याच एका कॅन्सर मदतनिधीला गेले. 2009 मध्ये नव्या मैदानातल्या पहिल्याच हंगामात यांकीज अजिंक्य ठरले. आता उतारा लागू पडला म्हणायचं, की संघच तगडा होता म्हणायचं?

या दोन शहरांचं वाकडं जुनं आहे. बेब रूथ हा तेव्हाचा हुकमी एक्का. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी नाटकांचे निर्माते होते आणि त्यांना पैशांची नड होती. 1919 च्या अखेरीस त्यांनी रूथला यांकीजला विकून टाकलं. वर यांकीजच्या मालकाकडून कर्ज घेतलं, तेही बॉस्टनचं फेनवे पार्क मैदान गहाण टाकून. तोवर रेड सॉक्सच्या खात्यात पाच अजिंक्यपदं होती आणि यांकीजची पाटी कोरी. 2003 पर्यंत यांकीजची 26 झाली, रेड सॉक्स पाचावरच. आयपीएलच्या लिलावात खेळाडू इकडचा तिकडे गेला की आपण दोन दिवस हळहळतो. बॉस्टननं हा सल जवळजवळ 85 वर्षं जपला.

2004 साली तो सल निघाला. उपान्त्य मालिकेत यांकीज 3-0 नं पुढे होते, तिसरा सामना तर त्यांनी 19-8 असा लुटला होता. तिथून रेड सॉक्सनं ओळीनं चार सामने जिंकले. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ही करामत त्याआधी कुणाला जमली नव्हती आणि नंतरही जमलेली नाही.

या भांडणात कनेक्टिकट राज्याची मात्र फाळणी झाली आहे. स्वतःचा मेजर लीग संघ नाही, त्यामुळे न्यूयॉर्ककडचा भाग बहुतांशी यांकीजचा, बॉस्टनकडचा रेड सॉक्सचा. मधल्या पट्ट्यात लग्न जुळवताना आधी संघ विचारत असतील, असं आपलं आम्हाला वाटतं.

शिकागोत भांडण घरातलंच. कब्ज उत्तरेचे, व्हाइट सॉक्स दक्षिणेचे. दोघांची मैदानं मेट्रोच्या एकाच रेड लाइनवर. बराक ओबामा व्हाइट सॉक्सवाले. कब्जच्या रिगली फील्डवर पाहुण्या संघाच्या होमरनचा, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराचा, चेंडू प्रेक्षकाच्या हाती लागला, तर त्यानं तो परत मैदानात फेकायचा असा रिवाज आहे. ठेवून घेतला तर आजूबाजूचे जगू देत नाहीत. याच मैदानातून 1945 मध्ये एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला त्याच्या बोकडासकट हाकललं गेलं. बोकडाचं तिकीट काढलेलं होतं, पण वासाचं काय? त्याचा तळतळाट लागला म्हणे. कब्जचं आधीचं अजिंक्यपद 1908 चं, पुढचं थेट 2016 चं. यातली पहिली 37 वर्षं बोकड कुठेच नव्हता, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

काही वैरं तर बिऱ्हाड बदलतात. न्यूयॉर्कचे डॉजर्स आणि जायंट्स 1957 च्या हंगामानंतर एकदमच कॅलिफोर्नियाला गेले, एक लॉस एंजेलिसला आणि दुसरा सॅन फ्रान्सिस्कोला. जाताना भांडणही घेऊन गेले. 1965 मध्ये जायंट्सच्या हुआन मारिशालनं डॉजर्सचा कॅचर जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅटच घातली, 14 टाके पडले. पुढे दोघांची दाट मैत्री झाली, हे त्या दिवशी कुणाला सांगून पटलं नसतं. मागे उरलेल्या न्यूयॉर्ककरांसाठी 1962 मध्ये मेट्स हा नवा संघ आला. त्यानं निळा रंग डॉजर्सचा घेतला, नारिंगी जायंट्सचा.

पण खरी गंमत जपानमध्ये. तिथं ओसाका-कोबे भागाचे हानशिन टायगर्स आणि टोकियोचे योमिउरी जायंट्स यांचा उभा दावा. टायगर्स रेल्वे कंपनीचे, जायंट्स वर्तमानपत्राचे. 1985 मध्ये टायगर्सचा अमेरिकन फलंदाज रँडी बास 54 होमरनवर पोहोचला. विक्रम होता 55 चा, सादाहारु ओ यांच्या नावावर. शेवटचा सामना जायंट्सशी आणि जायंट्सचे मॅनेजर कोण, तर खुद्द ओ! पिचरनी बासला मारण्याजोगा चेंडू मिळूच दिला नाही. विक्रम शाबूत राहिला.

लीग मात्र टायगर्सनं त्याआधीच जिंकली होती. ती जिंकली त्या रात्री ओसाकात दोतोनबोरी कालव्याच्या पुलावर गर्दी उसळली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या चाहत्यानं कालव्यात उडी टाकायची, असा खेळ रंगला. बासची पाळी आली. दाढीवाला गोरा आणायचा कुठून? जवळच्या केएफसीच्या दारात कर्नल सँडर्सचा पुतळा उभा होता. उचलला आणि दिला ढकलून! त्याच वर्षी टायगर्स राष्ट्रीय विजेतेही झाले, पण पुढे वर्षानुवर्षं ते पद हुलकावण्या देत राहिलं, तेव्हा कर्नलचा शाप लागल्याची बोलवा पक्की झाली. 2009 मध्ये पाणबुड्यांना पुतळा तुकड्यातुकड्यांनी सापडला. चष्मा आणि डावा हात काही मिळाला नाही. चाहत्यांनी लगेच चष्म्यावर खापर फोडलं, कारण टायगर्स पुन्हा अजिंक्य व्हायला 2023 उजाडलं. त्यानंतर कुठे केएफसी कंपनीनं 2024 मध्ये त्या जीर्ण पुतळ्याला रीतसर साके वाहून त्याची विल्हेवाट लावली.