पाठीशी एक तरी माणूस

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी, धान्याची पोती, चटया, शेळ्या, कोंबड्या आणि माणसे अशी सारी भरती होते आणि पाहता पाहता गाव रिकामे होते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी अशा तालुक्यांतून माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या भागांत आणि पुढे कर्नाटकातही ऊस तोडायला जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आमच्यापैकी कित्येकांचे बालपण असेच गेले आहे. कोणाचे उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, कोणाचे गावी आजीजवळ. त्यामुळे माणसाच्या सुखात आणि स्वास्थ्यात मायेच्या नात्यांचा वाटा किती, हा विषय आम्हाला नुसता पुस्तकी वाटत नाही.

आरोग्य म्हटले की आपल्याला दवाखाना, औषध, फार तर सकस आहार आठवतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली अमलात आलेल्या आपल्या घटनेतच आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक व मानसिक स्वास्थ्याच्या बरोबरीने सामाजिक स्वास्थ्याचाही उल्लेख केला आहे. पुढे २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांची नाती बळकट होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे आपले माणूस जवळ असणे ही केवळ मनाच्या समाधानाची बाब नाही, ती आयुष्याशी निगडित आहे.

हे घडते कसे? माणूस धास्तावला की शरीर लढाईच्या तयारीला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, झोप उडते. धोका टळला की शरीर पूर्वपदावर यावे, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु ज्याला सतत एकट्यानेच तोंड द्यावे लागते त्याचे शरीर ही तयारी मोडतच नाही आणि वर्षानुवर्षे त्याची झीज होत राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची सूचना देऊन त्यांच्या मेंदूतील हालचाल यंत्राद्वारे पाहण्यात आली. नवऱ्याने हात धरला तेव्हा भीतीची प्रतिक्रिया बरीच मंदावली. परक्या माणसाने हात धरला तेव्हा ती कमी झाली, पण तितकी नाही. यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांचा संसार खरोखर समाधानाचा होता, त्यांनाच त्या हाताचा सर्वांत जास्त उपयोग झाला. नुसते नाते असून भागत नाही.

हे येथे स्पष्टच सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे "घर आहे, माणसे आहेत, मग काय कमी?" असे विचारण्याची पद्धत आहे. ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कोयता पुरा व्हावा म्हणून आणि वयात आलेल्या मुलीला एकटी कोणाजवळ ठेवावी या काळजीने लग्ने लवकर उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. अशा लग्नातही माया उपजते, आम्ही ती पाहिली आहे. पण कामाच्या हिशेबाने जोडलेल्या नात्यात ती आपोआप येईल असे धरून चालता येत नाही.

आता मुलांकडे वळू. आईबाप सहा महिने दूर असतील तर मूल मोडून पडतेच का? हवाई बेटांपैकी कौआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, व्यसन, आजार अशा अनेक संकटांत जन्मलेल्या मुलांपैकी तिघांतले एक मूल कर्तबगार आणि प्रेमळ माणूस म्हणून वाढले. या मुलांत एक गोष्ट वारंवार दिसली. प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक तरी माणूस असे होते, ज्याने त्याला मनापासून आपले मानले होते. ते माणूस आई किंवा बापच असले पाहिजे असे नव्हते. कोणाची आजी होती, कोणाची मावशी, कोणाचे शिक्षक.

विद्यार्थी मित्रांनी हे वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आठवावे. १८९६ साली आई भीमाबाई वारल्या तेव्हा भीम अवघा पाच वर्षांचा होता. त्याला सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. त्या शरीराने अधू होत्या, पण त्या पोराला त्यांनी माया कमी पडू दिली नाही. पुढे परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार असताना वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला जागे करीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत आणि तो गहाण ठेवीत. मग कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. लंडनचे शिक्षण पुरे करताना नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले. आणि आयुष्याच्या अखेरीस 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या, तेव्हा छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ग्रंथ पुरा झाल्याचे श्रेय पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांना दिले. आपण जयंतीला त्यांच्या विद्वत्तेवर तासन्‌तास बोलतो. मीराबाईंचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो.

गावी राहिलेल्या मुलाला असे एक माणूस मिळते का, हा खरा प्रश्न आहे. आजी असते, पण ती सत्तरीला टेकलेली. तिच्यावर दोन-तीन नातवंडे, शिवाय पाणी आणि सरपण. मूल तापाने फणफणले तरी आईला फडावरून निघता येत नाही. खाडा पडला की दंड आणि डोक्यावर उचलीचे ओझे. शाळांतून हंगामी वसतिगृहे चालली. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली; तिच्यात ४१ तालुक्यांतून ८२ वसतिगृहे ठरली. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभे करून अशा मुलांना घर दिले. ताट, गादी, दप्तर यांची सोय अवश्य झाली पाहिजे. पण पोर रात्री दचकून उठले तर कोणाला हाक मारील, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिता येत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला भगवंतांना आढळला. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला न्हाऊ घातले आणि उचलून खाटेवर ठेवले. नंतर भिक्खूंना बोलावून त्यांनी समजावले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही की बाप नाही, तेव्हा ती तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. मैत्रीवरचे प्रवचन त्या दिवशी पाण्याच्या भांड्यापासून सुरू झाले.

आमच्या संस्थेत फी, वह्या, गणवेश यांचा हिशेब चोख ठेवला जातो; तो ठेवावाच. पण हंगामाच्या दिवसांत शाळेची पालकसभा भरते तेव्हा काही मुलांच्या प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा असतो आणि काहींच्या पुस्तकावर काहीच नसते. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन त्या मुलाच्या शेजारी बसावे, गुरुजी काय म्हणाले ते ऐकावे आणि संध्याकाळी फडावरच्या त्याच्या आईला फोन लावून सांगावे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला न पाठवता पुन्हा त्यानेच जावे.